नऊ नंबरची भिंत

ही गोष्ट खरी आहे. माझ्या डोळ्यांसमोर घडलेली आणि माझ्याच चुकीनं घडलेली.

खाली कमेंटमध्ये "छान रंगवलीय" असं लिहिणार असाल, तर आत्ताच पुढे सरका. मला गोष्टी रंगवता येत नाहीत. मला आकडे वाचता येतात. बारा वर्षं तेच केलं.

आणि भुतं फक्त रात्री येतात असं तुम्हाला कोणी सांगितलंय?

मंगळवार होता. भर दुपार. लख्ख ऊन.

एक वाजून बारा मिनिटं.

मी एका कारखान्यात होते. तिथं इमारतींच्या भिंती ओततात. म्हणजे जागेवर विटा रचत बसायचं नाही, अख्खी भिंत कारखान्यात तयार करायची आणि ट्रेलरवर घालून न्यायची. एका लांबलचक शेडमध्ये ओळीनं बारा लोखंडी साचे. साचा आडवा असतो. त्यात सळयांची जाळी ठेवायची, वरून काँक्रीट ओतायचं, ताडपत्री टाकायची आणि खालून वाफ सोडायची. नऊ-दहा तासांत भिंत घट्ट होते. मग साचा कुशीवर उभा करायचा, भिंतीच्या वरच्या कडेत पुरलेल्या दोन कड्यांत क्रेनचे हुक अडकवायचे आणि उचलायची.

एक भिंत साडेचार टनांची.

कच्ची असताना उचलली, तर कड्या दात उपटावा तशा उपटून येतात आणि भिंत खाली पडते.

खाली उभा असतो हुकवाला.

आमचा हुकवाला म्हणजे माझा सख्खा धाकटा भाऊ.

ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला लांब्या म्हणायचे. नोकरीला मीच लावला होता त्याला. आईचा जीव वरखाली होत होता. "तुझ्या भरवशावर पाठवतेय हं," म्हणाली. मी म्हटलं, "अगं, मी वरच्या केबिनमध्ये असते. काचेतून सगळं दिसतं मला. त्याच्या केसाला धक्का लागणार नाही."

किती सहज बोलून गेले मी तेव्हा!

माझं काम सेन्सरचं. ओतण्याआधी प्रत्येक भिंतीच्या सळईला मी अंगठ्याएवढा एक सेन्सर तारेनं बांधायचे. तो काँक्रीटमध्ये गाडला जातो आणि दर चार मिनिटांनी आतलं तापमान कळवतो. त्यावरून भिंतीत किती ताकद आली ते निघतं. पंधरा आकडा आला की उचलायला हरकत नाही. संगणकात अख्ख्या इमारतीचं मॉडेल, त्यात प्रत्येक भिंत म्हणजे एक चौकोन. कच्ची असेल तर लाल, तयार झाली की हिरवी. शेडमध्ये सगळ्यांना दिसेल असा मोठा स्क्रीन लावलेला. हिरवी दिसली की उचला, कुणाला विचारायची गरज नाही.

कामगार मला स्क्रीनताई म्हणायचे. तोंडावर प्रेमानं आणि पाठीमागे नाक मुरडून. मला सगळं ऐकू यायचं.

माझ्या आधी हे काम मुकादम करायचे. तीस वर्षं. सेन्सर नाही, स्क्रीन नाही, काही नाही.

ते फक्त तळहात ठेवायचे. ताडपत्री बाजूला करायची, भिंतीवर थप असा हात ठेवायचा, डोळे मिटायचे. मग एकच शब्द बोलायचे.

"पिकली."

किंवा, "कच्ची."

त्यांनी 'पिकली' म्हटल्याशिवाय क्रेन हलायची नाही. लांब्या त्यांच्याच हाताखाली शिकला. तीन वर्षं तो शब्द ऐकायचा आणि हुक अडकवायचा. मागे वळून बघायचासुद्धा नाही, कानावर शब्द पडला की हात आपोआप कडीकडे. इतकी सवय.

मला मात्र त्या हाताचा राग यायचा. अहो, मी शिकून-सवरून आले, रात्रीचा दिवस करून ते मॉडेल उभं केलं, आणि साहेबसुद्धा मधूनच विचारणार, "मुकादम काय म्हणतात?"

सुरुवातीला सेन्सर आणि मुकादम, दोघांची मंजुरी लागायची. त्यासाठी अंगठा लावायचं यंत्र आणलं. आता काय गंमत सांगू... मुकादमांचा अंगठा ते यंत्र घेईचना. सिमेंटनं झिजून झिजून त्यांच्या बोटांवर एकही रेघ उरली नव्हती. गुळगुळीत. दहादा दाबला, दहाही वेळा तेच. 'पुन्हा प्रयत्न करा.'

"मुकादम, जिवंत आहात ना? मशीन तर नाही म्हणतंय," क्रेनवाला म्हणाला. सगळे खो खो हसले. मीही हसले.

मुकादम नाही हसले. शेवटी मी त्यांना चार आकडी नंबर दिला, तो दाबायचा. त्यांचा अंगठा त्या यंत्रानं कधीच घेतला नाही. हे लक्षात ठेवा.

मग एक दिवस साहेबांनी परीक्षाच लावली. सगळ्यांसमोर. बाराही साच्यांवर मुकादमांनी आधी हात ठेवून सांगायचं, मग मी स्क्रीन उघडायचा.

एक नंबर, पिकली. स्क्रीन हिरवा.

दोन, पिकली. हिरवा.

तीन, कच्ची. लाल.

असं आठ नंबरपर्यंत तंतोतंत. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. कामगार टाळ्या वाजवायला लागले होते.

नऊ नंबर. मुकादमांनी हात ठेवला. डोळे मिटले. "पिकली."

स्क्रीन लाल.

पुढचे तिन्ही पुन्हा बरोबर आले, पण ते कुणाच्या लक्षात राहणार? साहेब म्हणाले, "बाराला एक चूक. ती एक कुणाच्या डोक्यावर पडली असती तर?" मुकादम म्हणाले, "उचलून दाखवतो साहेब. मी स्वतः खाली उभा राहतो." साहेबांनी नकार दिला. मुकादमांचा हात त्या दिवशी संपला.

संध्याकाळी मी फोटो बघत बसले होते. ओतण्याआधी प्रत्येक सेन्सरचा फोटो काढायची पद्धत होती आमच्याकडे, मीच घातलेली. नऊ नंबरचा फोटो उघडला.

सेन्सर मध्यभागी बांधायचा असतो. मी तो घाईत कोपऱ्यात बांधला होता. शटरच्या बाजूच्या कोपऱ्यात, जिथं दिवसभर वारा येतो. तो कोपरा गार होता, बाकीची भिंत नव्हती.

भिंत पिकलेली होती.

मुकादम बाराला बारा बरोबर होते.

मी काय केलं?

फोटो डिलीट केला. मूग गिळून गप्प बसले.

मुकादमांना गेटवर बसवलं, गाड्यांचे नंबर लिहायला. चौथ्या दिवशी ते जिना चढून माझ्या केबिनमध्ये आले. माझ्या टेबलावर, कीबोर्डच्या शेजारी, तळहात ठेवला. डोळे मिटले.

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कच्ची."

आणि खाली उतरून गेले ते परत कामावर आलेच नाहीत. दीड महिन्यानं ते वारल्याचं कळलं. झोपेतच गेले म्हणे. सगळा कारखाना गेला अंत्ययात्रेला. लांब्यानं खांदा दिला.

मी गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

त्यानंतरच्या शनिवारी सुरू झालं.

दुपारी एक ते दीड जेवणाची सुट्टी. शेडमधली यंत्रं बंद होतात, सगळे डबे घेऊन मागच्या खोलीत जातात. मी केबिनमध्येच खाते. त्या दिवशी घास तोंडात होता आणि नजर स्क्रीनवर.

एक वाजून बारा मिनिटांनी बाराही सेन्सरचे आकडे आले.

नाही... अकरा आले.

एक नंबरच्या साच्याची जागा रिकामी.

एक वाजून सोळाला सगळं ठीक. मी म्हटलं, नेटवर्क.

सोमवारी एक वाजून बारा. दोन नंबर रिकामा.

मंगळवारी तीन नंबर.

बुधवारी चार.

नेटवर्क असं ओळीनं चालतं का हो?

कोणीतरी शेडमधून चाललं होतं. रोज एक साचा पुढे. आणि ज्या साच्यापाशी थांबत होतं, तिथला सेन्सर मुका होत होता.

गुरुवारी मी एकच्या आधीच खाली उतरले. म्हटलं, कोण चावटपणा करतंय बघूच. पकडलं की सरळ साहेबांपुढे उभं करते.

शेडमध्ये कोणी नव्हतं. वाफेची बारीक फुसफुस, बाकी चिडीचूप. मी पाच नंबरच्या साच्यापासून दहा पावलांवर उभी होते.

एक वाजून बारा...

थप.

ओल्या ताडपत्रीवर तळहात पडल्यासारखा आवाज.

कोणी नाही. पाखरूसुद्धा नाही.

मी पुढे गेले. वाफेनं ताडपत्रीवर पाण्याचे थेंब जमले होते, सगळीकडे. फक्त एका जागी नव्हते. ती जागा कोरडी होती.

चार बोटं आणि एक अंगठा. रुंद तळवा.

मी त्या कोरड्या जागेकडे बघत असतानाच कडेनं थेंब पुन्हा जमायला लागले आणि हात पुसला गेला. मी जिना कसा चढले मला आठवत नाही.

कुणाला सांगणार? सांगायचं तर मग सगळंच सांगावं लागलं असतं. नववी भिंत, तो फोटो, सगळं.

शनिवारी सात नंबर. त्या दिवशी नुसती जागा रिकामी झाली नाही.

सात नंबरचा चौकोन हिरवा झाला.

सकाळी सहाला ओतलेली भिंत. ताकद चार. पंधरा लागते, आणि होती चार! मी ताबडतोब माझा अंगठा लावून ती लाल केली. सगळे जेवायला गेलेले, म्हणून कुणी पाहिलं नाही. मग नोंद उघडली, कुणी हिरवी केली बघायला.

मंजुरी: मुकादम.

खातं बंद करायचं राहिलं होतं माझं. चूक माझी, मान्य. कुणालातरी त्यांचा चार आकडी नंबर माहीत असेल, म्हटलं.

मग पुढचा शब्द वाचला.

पद्धत: अंगठा.



मी तिथल्या तिथं ते खातं काढून टाकलं. मुळासकट. यंत्राच्या दृष्टीनं मुकादम नावाचा माणूस कधी नव्हताच.

सोमवारी एक वाजून बारा. आठ नंबर हिरवा.

मंजुरी: मुकादम. अंगठा.

मी लाल केली. आणि मग बोटांवर मोजायची गरजच नव्हती. उद्या मंगळवार होता, उद्या नऊ नंबर.

मंगळवारी सकाळी गेटपाशी लांब्याला गाठलं. तो चहा पीत होता.

"आज नऊ नंबरला हात लावू नकोस."

"का? रुसलीय का ती?"

"चेष्टा नकोय. चार वाजेपर्यंत तिच्या जवळपास फिरकायचं नाही. सांगितलं तेवढं ऐक."

"अगं पण कारण सांगशील की नाही? दुपारी पाहुणे येणारेत, साहेबांना सगळं पटापट हवंय. मी काय सांगू, ताई म्हणाली म्हणून?"

कारण माझ्या जिभेच्या टोकावर होतं. खरंच होतं.

"नेटवर्कचा घोळ आहे," मी म्हटलं.

त्यानं कप ठेवला. "मुकादम होते तेव्हा असले घोळ नसायचे बघ."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मग जा ना त्यांनाच विचार!" असं बोलून मी निघून आले.

जीभ झडायला हवी होती माझी.

साडेबारापासून मी स्क्रीनसमोर बसून होते. डबा उघडला नाही. नऊ नंबर लाल. ताकद साडेचार. अंगठ्याचं यंत्र हाताशी. हिरवी झाली रे झाली की लाल करायची.

एक वाजून आठ. लाल.

एक वाजून बारा...

बारा आकडे. बाराच्या बारा. एकही जागा रिकामी नाही. नऊ नंबर लाल.

मी श्वास सोडला. सुटले बाई, म्हटलं. हसूच आलं मला. काय काय मनाचे खेळ! डब्याचं झाकण उघडलं.

आणि खालून क्रेनची घंटा वाजली.

सुट्टीत? सुट्टीत क्रेन कोण चालवतंय?

मी काचेतून खाली बघितलं.

शेडमधला मोठा स्क्रीन माझ्या समोरच होता. त्यावर नऊ नंबर हिरवा होता. हिरवागार.

माझ्या टेबलावर तोच चौकोन लाल होता.

खाली नऊ नंबरचा साचा कुशीवर उभा केलेला. हुक अडकवलेले. क्रेनची साखळी ताणलेली. साडेचार टनांची कच्ची भिंत साच्यापासून वीतभर सुटून वर निघालेली. आणि तिच्या पायथ्याशी एक हात वर करून, क्रेनवाल्याला खूण करत, माझा भाऊ.

मी बावीस पायऱ्या कशा उतरले ते विचारू नका.

"थांबव! लांब्या, हो बाजूला! कच्ची आहे!"

क्रेनवाल्यानं हातातलं बटण सोडलं. भिंत तशीच लटकत राहिली.

लांब्या माझ्याकडे बघून वैतागला. "काय कच्ची? तुझाच स्क्रीन हिरवा आहे की! पाहुणे यायच्या आत ही लोड करायचीय. आणि मुकादम पण बोलले ना आत्ता, पिकली म्ह..."

तो मध्येच थांबला.

त्याचा वर केलेला हात तसाच वर राहिला.

"मुकादम बोलले," तो पुन्हा म्हणाला, पण आता हळू. चेहऱ्यावरचा रंग उडालेला. "ताई... माझ्या मागून बोलले."

क्रेनवाल्याची बोबडी वळली होती. "मी... मी पण ऐकलं," तो म्हणाला. "पिकली, उचल. स्पष्ट."

थप.

भिंतीच्या मागून.

थप.

डाव्या कडीभोवती एक बारीक चीर उमटली. ओल्या काँक्रीटचा चुरा लांब्याच्या खांद्यावर पडला.

"पळ!" मी ओरडले. "अरे पळ ना!"

"पाय," तो म्हणाला. "ताई, पाय उचलत नाहीये."

त्याचा डावा बूट जमिनीला चिकटल्यासारखा होता. तो मांडीला दोन्ही हात लावून ओढत होता. कुठं काही अडकलेलं नव्हतं, मला दिसत होतं. मोकळी जमीन होती.

थप... थप... थप...

चीर दुसऱ्या कडीकडे निघाली होती.

मला कळलं होतं काय हवंय ते. कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि नेमका तेव्हा वरच्या गॅलरीचा दरवाजा उघडला. साहेब बाहेर आले. बरोबर पाहुणे, चार-पाच जण, माझं मॉडेल बघायला आलेले. "काय चाललंय?" साहेबांनी वरून विचारलं.

मी त्यांच्याकडे बघितलं.

मग भावाकडे बघितलं.

पुन्हा वर बघितलं.

मग मी ओरडले. सगळं ओरडले. "नऊ नंबर पिकलेली होती! परीक्षेच्या दिवशी! सेन्सर मी कोपऱ्यात बांधला होता, फोटो मी उडवला! ते बाराला बारा बरोबर होते! मी खोटं पाडलं त्यांना, मी! मुकादम, सोडा त्याला! तुमच्या पाया पडते, सोडा!"

आवाज थांबला.

शेडमध्ये इतकी शांतता झाली की वाफेची फुसफुसही ऐकू येईना.

लांब्याचा पाय बुटातून सटकन निघाला. तो तोल जाऊन माझ्या अंगावर आला आणि आम्ही दोघं मागे पडलो.

दोन्ही कड्या एकदम उपटल्या.

जमीन हादरली. धूळ खाली बसली तेव्हा भिंतीचे चार तुकडे दिसत होते. आतून ओली, राखाडी. बुटाचा पत्ताच नव्हता.

मी त्याला कवटाळून रडत होते. त्याचे दोन्ही पाय चाचपून बघत होते. तो मात्र माझ्याकडे बघत नव्हता, भिंत जिथं उभी होती त्या रिकाम्या जागेकडे बघत होता.

संध्याकाळी तुकड्यांतून सेन्सर निघाला. त्या दिवशी सकाळी मी तो मध्यभागी बांधला होता. दोनदा तपासून, हातानं ओढून बघून. तो सापडला शटरकडच्या कोपऱ्यात. तार माझ्याच पद्धतीनं पिळलेली.

नोंदही उघडली. नऊ नंबर हिरवी झाल्याची वेळ, बारा पन्नास. पद्धत, अंगठा.

मंजुरी देणाऱ्याचं नाव माझं होतं.

बारा पन्नासला मी यंत्राला बोटसुद्धा लावलं नव्हतं हो. पण कुणाला सांगणार? यंत्र खोटं बोलत नाही, हे मीच सगळ्यांना इतकी वर्षं ऐकवलं होतं.

साहेबांनी मला घरी पाठवलं. त्याचं मला काही नाही. मला वाटलं, भाऊ वाचला, बाकी खड्ड्यात जाऊ दे. लांब्याला म्हटलं, तूही सोड ते काम. दुसरं बघू. हात जोडले त्याच्यासमोर.

त्यानं सोडलं नाही. आठवडाभर बोललाच नाही माझ्याशी. मग एक दिवस जिन्यात गाठलं मी त्याला.

"अरे, त्यानं तुला मारायला काढलं होतं! कच्ची भिंत पिकली म्हणून सांगितली तुला! कसली माया धरून बसलायस त्या माणसाची?"

"मला मारायचं असतं तर मारलं असतं," तो म्हणाला. शांतपणे. त्याच्या त्या शांतपणाचीच मला जास्त भीती वाटली. "कड्या तू ओरडेपर्यंत धरून ठेवल्या होत्या त्यांनी."

"तू शुद्धीवर आहेस का?"

"आहे. तेव्हाही होतो." तो दोन पायऱ्या खाली उतरला आणि वळला. "ताई, तू साहेबांकडे बघितलंस. मग माझ्याकडे बघितलंस. आणि मग परत साहेबांकडे बघितलंस. मी खाली उभा राहून बघत होतो."



तीन सेकंद असतील. फार तर चार. मी रोज मोजते.

आता कारखान्यात नवीन मुलगी आलीय, सेन्सर बघायला. काम चोख आहे तिचं, क्रेनवाला सांगत होता. एकदा भाजी घेताना भेटला तो. मी लांब्याबद्दल विचारलं, तर इकडेतिकडे बघायला लागला. मग म्हणाला, "स्क्रीन हिरवा झाला तरी तो उचलू देत नाही. हुक हातात धरून उभा राहतो. भिंतीकडे पाठ करून. मग कधीतरी मान हलवतो आणि अडकवतो. आम्हाला काही ऐकू येत नाही हो. त्यालाच येतं."

मी विचारलं, "रोज?"

"रोज. बाराही साच्यांवर."

परवा आई त्याला वाढत होती. मी समोर बसले होते. आईला यातलं काही ठाऊक नाही, बूट हरवला एवढंच माहीत. ती सहज म्हणाली, "आता ताई नाही तिथं. मग तुझ्याकडे लक्ष कोण ठेवतं रे?"

"आहेत एकजण," तो म्हणाला.

"चांगले आहेत ना?"

त्यानं घास खाली ठेवला आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघितलं.

"ते इकडेतिकडे बघत नाहीत, आई," तो म्हणाला, आणि पुन्हा जेवायला लागला.